संगणक अडला कुठे?

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. धुळ्यात दुपारच्या गरम वाऱ्याबरोबर काळी माती घरात शिरते. लाईट जाते, येते, पुन्हा जाते. जूनच्या तोंडावर वळवाच्या पावसात विजा कडाडतात. हे दिवस माणसाला सोसत नाहीत आणि घरातल्या संगणकालाही सोसत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात मग एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकू येते : "दादा, कॉम्प्युटर चालूच होत नाही."

या वाक्यातून दुरुस्ती करणाऱ्याला फारसे काही कळत नाही. बटण दाबल्यावर साधा दिवाही लागत नसेल, तरी आपण हेच म्हणतो. पंखे फिरतात पण पडदा काळा आहे, तरी हेच. कंपनीचे नाव येऊन पुढे इंग्रजीत एक ओळ उमटते, तरी हेच. विंडोजचे ठिपके गोल फिरत राहतात, तरी हेच. सगळे नीट सुरू होऊन दहा मिनिटांत आपोआप बंद पडते, तरीही हेच. हे पाच वेगवेगळे बिघाड आहेत. एकाचे कारण भिंतीतल्या सॉकेटमध्ये सापडते, दुसऱ्याचे रॅमच्या पट्टीवर, तिसऱ्याचे डिस्कमध्ये. काही दुरुस्त्यांना एक रुपयाही लागत नाही, काहींना हजारो लागतात.

म्हणून संगणक सुरू झाला नाही की 'काय बिघडले?' हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारावे : तो कुठपर्यंत आला आणि कुठे अडला? हे शोधायला पदवी लागत नाही, महागडी उपकरणे लागत नाहीत. डोळे, कान आणि थोडा धीर पुरतो. एवढे जमले तर पैसे वाचतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आत साठवलेली माहिती वाचते.

सुरू होण्याचे टप्पे

केळीच्या बागेत ठिबकवरची शेवटची झाडे कोरडी राहिली तर खान्देशातला शेतकरी सगळ्या नळ्या उपटून बदलत नाही. विहिरीत पाणी आहे का, मोटर पाणी उचलते का, फिल्टर तुंबला का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, नळी कुठे फुटली का, असे तो मुळापासून पाहत जातो. पाणी जिथपर्यंत पोहोचले तिथपर्यंतची चिंता मिटली. संगणकाचा बिघाड शोधण्याची रीत हीच आहे.

संगणकात पहिला टप्पा विजेचा. डब्याच्या मागच्या बाजूला बसवलेला एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. संगणक बंद असला तरी मागचे स्विच चालू असेल तर ५ व्होल्टची एक छोटी धार मदरबोर्डला मिळत राहते. तिच्यामुळेच बटण दाबल्याचे मदरबोर्डला कळते. मग एसएमपीएस पूर्ण सुरू होतो आणि व्होल्टेज स्थिरावले की अर्ध्या सेकंदाच्या आत 'वीज नीट आहे' असा संकेत देतो. तो येईपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असतो.

दुसरा टप्पा तपासणीचा. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये बायोस किंवा यूईएफआय नावाची प्रणाली कायमची लिहिलेली असते. प्रोसेसर जागा होताच पहिली आज्ञा तिथून घेतो. ही प्रणाली रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड जागेवर आहेत का ते पाहते. सगळे ठीक असेल तर तिसऱ्या टप्प्यात ती डिस्क शोधते आणि विंडोजला जागे करणारा छोटा प्रोग्राम तिथून उचलते. चौथ्या टप्प्यात विंडोज स्वतःच्या फायली आणि ड्रायव्हर रॅममध्ये आणते, आणि शेवटी आपल्यासमोर पासवर्डची चौकट येते.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला तेव्हाही क्रम असाच होता. फ्लॉपीच्या जागी एसएसडी आली, जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आले, पण टप्पे तेच राहिले. म्हणून हा क्रम एकदा समजला की दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आणि कालचा लॅपटॉप दोन्ही त्याच नजरेने तपासता येतात.

काहीच होत नाही

दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. अशा वेळी मदरबोर्ड गेला असे मनात येते, पण शोध भिंतीपासून सुरू करावा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढा. यूपीएस असेल तर तोही बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. आपल्याकडे ही पायरी फार कामाची आहे. घरगुती यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी असते. अशी बॅटरी २५ अंश तापमान गृहीत धरून बनवलेली असते आणि त्यापुढे दर आठ-दहा अंश वाढीला तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, चाळीस अंशांच्या खोलीत ठेवलेली बॅटरी दोन उन्हाळ्यांत थकली तर नवल नाही. अशा यूपीएसवर संगणक सुरू होता होता बंद पडतो आणि दोष संगणकावर येतो.

मग डब्यामागची काळी पॉवर केबल घट्ट दाबून बसवा. शक्य असल्यास बदलून पाहा, मॉनिटरची केबल बहुधा तशीच असते. एसएमपीएसच्या मागे छोटे स्विच असते, झाडू-पोछा करताना ते कधी कधी दाबले जाते, तेही पाहा. डब्याचे झाकण उघडता येत असेल तर मदरबोर्डवर एखादा छोटा दिवा लागलेला दिसतो का ते बघा. बऱ्याच बोर्डांवर असा दिवा असतो. तो लागला असेल तर ५ व्होल्टची धार पोहोचते आहे आणि संशय बटणाकडे किंवा पुढच्या भागांकडे जातो. दिवा नसेल तर एसएमपीएसवर संशय.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. २३० व्होल्टचा विद्युतदाब शिखराला सुमारे ३२५ व्होल्ट असतो आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तेवढा किंवा त्याहून जास्त दाब साठलेला असतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो आणि जीवघेणा ठरू शकतो. एसएमपीएस बिघडला असेल तर तो संपूर्ण बदलावा. बदलताना केवळ किमतीवर जाऊ नये. हलका, स्वस्त एसएमपीएस बिघडताना चुकीचे व्होल्टेज सोडून मदरबोर्ड आणि डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत साचलेला विद्युतभार निघून जातो. मग फक्त चार्जर लावून पाहा. अनेक 'मेलेले' लॅपटॉप एवढ्याने उठतात.

लाईट येताना आणि अंगाला झिणझिण्या येताना

लाईट जाण्यापेक्षा ती परत येण्याचा क्षण जास्त धोक्याचा. ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंखे, फ्रीज, कूलर आणि जिथे शेतीपंपांची लाइन सोबत आहे तिथे ऑटो स्विचवरच्या मोटरी, सगळे एकदम वीज ओढतात. व्होल्टेज खाली जाते, मग उसळते. म्हणून लाईट गेल्यावर संगणकाचा मुख्य स्विच बंद करावा आणि ती परत येऊन पाचेक मिनिटे झाली, घरातले दिवे एकसारखे उजळले, की मगच सुरू करावा. आकाशात विजा चमकू लागल्या की स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढावा. इंटरनेटची तांब्याची केबलही राउटर आणि संगणकापासून सोडवावी. वीज त्या वाटेनेही येते आणि नेटवर्कच्या पोर्टसकट मदरबोर्ड जाळते.

डब्याच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रारही नेहमीची. अनेकांना ती संगणकाची खोड वाटते, पण ती घराच्या वायरिंगची तक्रार आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर विजेतला गोंगाट गाळून अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग जोडलेलेच नसेल तर त्यांच्यामुळे डब्यावर २३०च्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी कमी असल्याने झटका सौम्य लागतो, पण संरक्षण नसल्याची ती स्पष्ट खूण आहे. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड, लांब पिन याच कामासाठी असते. ती तोडून दोन पिनांवर संगणक चालवणे म्हणजे पुढच्या मोठ्या बिघाडाला वाट मोकळी करून देणे.

खान्देशात याला जमिनीचे कारणही जोडले जाते. काळी कपाशीची माती ओली असताना वीज उत्तम वाहून नेते. उन्हाळ्यात ती वाळते, भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मेमध्ये नावापुरते उरते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी टाकण्याची जुन्या वायरमनांचा सल्ला यासाठीच आहे आणि तो पाळण्यासारखा आहे.

पंखा फिरतो, पडदा काळा

वीज आली, पंखे फिरले, पण पडद्यावर काही नाही. आधी मॉनिटर तपासा. 'नो सिग्नल' असे लिहून येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे. केबलची दोन्ही टोके दाबा, मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे का पाहा. डब्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टला हवी. मदरबोर्डच्या पोर्टला जोडली तर अनेक संगणकांत चित्र येत नाही.

यानंतर कान द्या. मदरबोर्डला छोटा स्पीकर असेल तर अडलेली तपासणी बीपच्या आवाजातून बोलते. हे आवाज कंपनीनुसार वेगवेगळे असतात. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे डिस्प्लेची अडचण आणि सतत वाजणाऱ्या लांब बीप म्हणजे रॅमची. आपल्या बोर्डच्या पुस्तिकेत हा तक्ता असतो. नव्या बोर्डांवर बीपऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार दिवे असतात, जो दिवा लागून राहील तिथे काम अडले. दुकानात नेण्याआधी या आवाजाचे मोबाइलवर रेकॉर्डिंग किंवा दिव्यांचा फोटो घेतला तर निदान अर्धे झाले समजा.

काळ्या पडद्याचे सर्वांत नेहमीचे कारण रॅम आहे, आणि ती बहुतेक वेळा जळालेली नसते, नीट बसलेली नसते. आपल्या हवेत याला कारण आहे. धुळ्यात थंडीच्या रात्री पारा एकआकडी होतो आणि मेमध्ये चाळिशी ओलांडतो. धातू आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आकुंचतात आणि पट्टी खाचेतून केसभर सरकते. संपर्कावर धूळ आणि ओलावा बसतो. हे दुखणे जुने आहे. १९८० साली आलेल्या 'ॲपल थ्री' संगणकाच्या चिपा तापून खाचांतून वर सरकत आणि मशीन दोन-तीन इंच उचलून टेबलावर सोडण्याचा सल्ला तेव्हा ग्राहकांना दिला गेल्याचे संगणकाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

आपण उचलून आपटू नये, नीट पद्धतीने करावे. प्लग काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅमच्या बाजूच्या खिट्ट्या उघडून पट्टी कडेने धरून बाहेर काढा. सोनेरी टोके पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटकून टाका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर ते अधिक चांगले, कारण सोन्याचा थर पातळ असतो आणि वारंवार घासल्याने झिजतो. मग पट्टी सरळ ठेवून खिट्ट्या 'टक्' वाजेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, वेगळ्या खाचेतही पाहा. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम इथे फार महत्त्वाचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ऊन, धूळ आणि कूलर

सुरू होतो आणि काही मिनिटांत आपोआप बंद पडतो, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. प्रोसेसर साधारण ९०-१०० अंशांजवळ पोहोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी तापमान वाढलेच तर जळू नये म्हणून काम थांबवतो. हे त्याचे संरक्षण आहे. खोलीची हवाच ४२ अंश असेल तर पंखा त्याच हवेने प्रोसेसर थंड करणार. त्यात कूलिंगच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसला तर हवेची वाटच बंद. जळगाव परिसरातल्या जिनिंगचा कापसाचा बारीक तंतू आणि धुळ्याच्या यंत्रमाग वस्त्यांतली सुताची भुकटी या धुळीत मिसळते आणि तिचा गोधडीसारखा थर जमतो.

उन्हाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा डबा उघडून स्वच्छ करावा. प्लग काढून, अंगणात किंवा गच्चीवर, ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भरमसाट वेगाने फिरून पंखा खराब होतो. ओले कापड आत नेऊ नये. प्रोसेसर आणि कूलिंगच्या मधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते, ती बदलण्याचे काम सराव नसेल तर दुकानातून करून घ्यावे. डब्यामागच्या उघड्या फटी पत्र्याच्या पट्टीने झाकाव्यात, कारण त्यातून पाली आणि झुरळे आत जातात आणि सर्किटवर मरून शॉर्ट करतात.

डेझर्ट कूलरसमोर संगणक ठेवण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. कूलरची हवा थंड असते तशीच दमटही असते. धुळीचा थर हा ओलावा धरून ठेवतो, त्यातून संपर्कांवर गंज चढतो. डबा कूलरच्या झोताबाहेर, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून थोडा उंच असावा.

मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे उभे कपॅसिटर दिसतात. त्यांच्यातल्या द्रवाचे आयुष्यही तापमानावर ठरते, दर दहा अंश वाढीला ते सुमारे निम्मे होते. वरची सपाट टोपी फुगलेली किंवा तपकिरी डाग बाहेर आलेला दिसला तर आजार सापडला. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला सदोष द्रवाचे असे कपॅसिटर जगभरच्या असंख्य मदरबोर्डांत बसवले गेले होते आणि मोठ्या कंपन्यांचे संगणकही त्याने बंद पडले. फुगलेले कपॅसिटर कुशल कारागीर बदलून देऊ शकतो, पूर्ण बोर्ड टाकून द्यायची गरज दरवेळी नसते.

कंपनीचे नाव येते, पुढे इंग्रजी ओळ

पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले म्हणजे वीज, प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले या सगळ्यांनी आपले काम केले. आता शोध डिस्कपुरता उरला. 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', 'नो बूटेबल डिव्हाइस', 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' या ओळींचा अर्थ एकच : सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

पहिले काम, यूएसबीला लावलेले पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क काढून पुन्हा सुरू करा. संगणक त्यांच्यातच विंडोज शोधत बसलेला असू शकतो. मग सुरुवातीलाच डिलीट, एफ२ किंवा बोर्डने सांगितलेली कळ दाबून बायोसमध्ये जा आणि डिस्कचे नाव यादीत आहे का ते पाहा. नाव नसेल तर संगणक बंद करून, प्लग काढून डिस्कची साटा केबल आणि पॉवर केबल काढून पुन्हा बसवा. नाव असेल पण क्रमात खाली असेल तर वर आणा.

बायोसमध्येच तारीख पाहा. ती कित्येक वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सेल संपला आहे. हा सेल घड्याळ चालू ठेवतो आणि अनेक बोर्डांत सेटिंगही जपतो. संगणकाला मुख्य वीज जोडलेली असेल तेव्हा त्याच्यावर भार फारसा येत नाही, पण सुट्टीभर मुख्य स्विच बंद ठेवलेल्या शाळेच्या संगणकात किंवा गावाकडच्या घरात तो लवकर संपतो. सेल गेला की सेटिंग मूळ अवस्थेत जाते, डिस्क वाचण्याची पद्धत बदलते आणि चांगली डिस्कही सुरू होत नाही. थोड्या रुपयांचा हा सेल बदलून सेटिंग पूर्ववत केले की काम होते.

अलीकडे या टप्प्यावर आणखी एक कारण भेटते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी सिक्युअर बूट आणि टीपीएम लागते, म्हणून अनेकांनी बायोसमध्ये जाऊन जुनी 'लेगसी' पद्धत बदलून 'यूईएफआय' केली. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर प्रकारची असेल तर या बदलानंतर विंडोज सुरूच होत नाही. घाबरू नये. सेटिंग पुन्हा लेगसीवर नेले की ती परत येते. डिस्कची विभागणी नव्या जीपीटी प्रकारात बदलण्याचे काम नंतर, माहितीची नक्कल घेऊन, शांतपणे करावे.

हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने 'टक् टक्' आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांबा. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरणाऱ्या तबकडीवर तिचे वाचक टोक काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. ते बिघडले असेल तर प्रत्येक नव्या प्रयत्नात तबकडी आणखी खरवडली जाण्याची भीती असते. आत महत्त्वाचे काही असेल तर संगणक बंद करून डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

विंडोज सुरू होता होता अडते

ठिपके फिरत राहतात किंवा निळा पडदा येतो, तेव्हा यंत्र बहुधा धडधाकट असते आणि अडचण सॉफ्टवेअरमध्ये असते. याचे जगाने पाहिलेले सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४चे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेट फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होईनासे झाले. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या संगणकांची ना डिस्क गेली होती, ना रॅम. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकली की ते उठत होते. ज्याने अडलेला टप्पा ओळखला, त्याला काय करायचे ते कळले.

घरच्या संगणकातही तसेच करावे. सुरू होण्याचे प्रयत्न दोन-तीनदा फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथे आधी 'स्टार्टअप रिपेअर' निवडावे. त्याने झाले नाही तर नुकतेच आलेले अपडेट काढण्याचा किंवा मागच्या चांगल्या दिवसाच्या स्थितीवर परत जाण्याचा पर्याय असतो. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन सुरू होते. तिथे ती नीट चालली तर दोष नंतर टाकलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्राममध्ये आहे.

नव्या संगणकांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. बायोसचे सेटिंग किंवा मदरबोर्ड बदलल्यावर ती ४८ आकडी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा, कारण किल्ली नसेल तर आतल्या माहितीपर्यंत कोणीही पोहोचू शकत नाही.

'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी

'विंडो टाकून द्या, फॉरमॅट मारा' ही आपल्याकडची ठरलेली शेवटची वाट, आणि ती फार लवकर धरली जाते. फॉरमॅटने विंडोज परत मिळते, पण लग्नाचे फोटो, मुलांची प्रोजेक्ट, दुकानाचे हिशेब, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती, डीटीपीवाल्याच्या वर्षानुवर्षांच्या फायली जातात. डेस्कटॉपवर आणि 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलेले सगळे सी ड्राइव्हमध्येच असते, हे अनेकांना फॉरमॅट झाल्यावर कळते.

विंडोज सुरू होत नसली तरी डिस्क जिवंत असेल तर फायली काढता येतात. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून आपला संगणक सुरू करावा. डिस्कला हात न लावता लिनक्स रॅममध्ये चालते, आतले फोल्डर दिसतात, ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणे. दुकानदाराला हे काम पाच मिनिटांत सांगता येते, फक्त ते फॉरमॅटआधी सांगायला हवे. माहितीची नक्कल आधी, दुरुस्ती नंतर, हा क्रम कोणाच्याही घाईसाठी मोडू नये.

दुकानात जाताना

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आपल्या ओळखीच्या दुकानात संगणक न्यायची वेळ येतेच. तिथे बसणारी मुले दिवसभर हेच काम करतात आणि त्यांचा हात अनुभवी असतो. त्यांना आपण चांगली माहिती दिली तर निदान लवकर होते. संगणक कोणत्या टप्प्यापर्यंत येतो, त्याआधी लाईट गेली होती का, वीज कडाडली होती का, नवे काही बसवले होते का, बीप किती वाजल्या, पडद्यावर कोणती ओळ आली, हे कागदावर लिहून न्यावे. पडद्याचा फोटो न्यावा. 'माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नका' हे लिहून द्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाची वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी. असे विचारणारा ग्राहक चांगल्या कारागिराला आवडतो.

एमएससीआयटीच्या वर्गांनी गावोगावच्या मुलांना वर्ड आणि एक्सेल शिकवले, ते मोठे काम झाले. आता डबा उघडून रॅम कुठे असते, सेल कुठे असतो, साटा केबल कोणती, हेही शाळेतल्या आणि घरातल्या मुलांना दाखवायला हवे. निकामी झालेला जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यांच्या हातात द्या. मुळापासून एकेक टप्पा तपासत जाण्याची ही सवय त्यांना पुढे पंपाच्या मोटरीपासून गणिताच्या चुकलेल्या उदाहरणापर्यंत सगळीकडे उपयोगी पडेल.

आपल्या हवेला धरून वर्षाचे वेळापत्रक सोपे आहे. मार्चमध्ये डब्याची सफाई आणि यूपीएसच्या बॅटरीची चाचणी. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगला पाणी, दुपारच्या भर उन्हात जड काम टाळणे. वळवाच्या आणि मृगाच्या दिवसांत विजा चमकताच प्लग काढणे. बायोसमधली तारीख मागे पडू लागली की लगेच सेल बदलणे. आणि महिन्यातून एकदा सगळ्या महत्त्वाच्या फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर, ती डिस्क एरवी संगणकापासून सोडवून कपाटात. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची आहे, आणि ती सहजपणे करता येते ती संगणक नीट सुरू होत असतानाच. पहिली नक्कल आजच काढा.